लोखंड बाहेर ठेवून या

सरांचा मला राग येतो. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं आम्हाला घरात शिकवलेलं आहे, तरीही येतो. डोंबिवलीत कुठे त्यांचा विषय निघाला की लोक हसतात, "काय वल्ली होती!" म्हणतात, आणि मग केसांतल्या पिनांची गोष्ट सांगायला लागतात. ती गोष्ट माझी आहे. केस माझे होते, पिना माझ्या होत्या, आणि सरांपायी जी नोकरी गेली तीही माझीच होती. तेव्हा हसायचं की नाही ते मी ठरवीन.

तर आधी पिना. मी कल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, हंगामी. सर आमचे विभागप्रमुख. त्याआधी वीस वर्षं ते पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेणाऱ्या एका सरकारी वेधशाळेत होते, आणि तिथल्या साहेबाशी कडाक्याचं भांडण करून बाहेर पडले होते. एम.फिल.साठी ते माझे मार्गदर्शक. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दारावर नावाच्या पाटीखाली दुसरी पाटी होती: 'लोखंड बाहेर ठेवून या.' खाली वेताची टोपली. मला वाटलं गंमत आहे. बेल वाजवली, दार उघडलं आणि सर ओरडले, "डोक्यात काय आहे?"

मी गांगरून म्हटलं, "कुणाच्या?"

"केसांत, केसांत! पिना आहेत ना? किती?"

मी जिन्यात उभी राहून अंबाडा सोडला. पाच पिना टोपलीत टाकल्या. मग त्यांनी पदराकडे बोट केलं. पदराला खांद्यावर सेफ्टी पिन होती, निऱ्यांना एक होती. शेजारच्या घरातून कुणीतरी दार किलकिलं करून पाहत होतं. मी पंचवीस वर्षांची, साडी नेसायला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि हा गृहस्थ मला दारात सांगतोय की निऱ्यांची पिन काढ. मी काढली. तीन तास पोटाशी हात धरून बसले आणि सौरवाऱ्याबद्दल ऐकलं.

घर दोन खोल्यांचं. त्यात लोखंडी कपाट नव्हतं. त्या काळात लोखंडी कपाट नसलेलं मध्यमवर्गीय घर शोधून सापडलं नसतं. स्टीलची भांडी सर स्वतः दुकानात जाऊन चुंबक लावून घेत. चिकटलं की परत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, विळी शेजारणीकडे ठेवत आणि रोज भाजी घेऊन तिथे चिरायला जात. लग्नापासून. हे सांगताना लोक पोट धरून हसतात. पावसाळ्यात, ताप अंगात असताना, पाहुणे आलेले असताना ती बाई भाजीची परडी घेऊन शेजारच्या दारात उभी राहायची, ह्यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही.

हे सगळं कशासाठी, तर कोपऱ्यात काचेच्या बरणीत रेशमाच्या धाग्याला टांगलेल्या एका इवल्या चुंबकासाठी. चुंबकाला आरसा चिकटवलेला, आरशावर दिव्याची तिरीप, आणि तिचा कवडसा समोरच्या भिंतीवर. पृथ्वीचं चुंबकत्व जरा हललं की कवडसा हलणार. हलायचाही. दिवसभर वेड्यासारखा थरथरायचा, कारण आपल्या लोकल गाड्या तेव्हा ज्या विजेवर चालत ती एकाच दिशेने वाहणारी, डीसी. ती रुळांतून परतताना जमिनीत झिरपते आणि मैलोन् मैल चुंबकांना सतावते. सर कवडशाकडे बघत दात-ओठ खायचे. "सुटली बघ ठाकुर्लीहून. आता ब्रेक लावला मूर्खाने." खालच्या मजल्यावरचे एक जोशी तर गॅलरीतून हाक मारून विचारायचे, "सर, फास्ट आली का हो?" सर दाण्‌कन खिडकी लावून घ्यायचे.

रेल रोको झालं की अख्खी डोंबिवली शिव्या घालायची. एकटे सर आनंदाने वेडे व्हायचे. स्टेशनात माणसं रुळांवर बसलीत, ऑफिसला दांड्या पडताहेत, आणि हा माणूस चहावाल्याला विचारतोय, "संध्याकाळपर्यंत टिकेल ना हो?" एकदा त्यावरून त्यांना मार बसता बसता राहिला.

"मग गाड्या बंद असतात तेव्हा रात्री मोजा ना, सर," असं मी एकदा म्हटलं. केवढे चिडले! "दिवसाच्या लहरी रात्री शोधू? आंबे काय दिवाळीत शोधतात का?" त्यांना हव्या होत्या त्या लहरी दिवसाच येतात. सूर्याकडून वारा सुटलेला असतो, विद्युतभारित कणांचा. तो पृथ्वीभोवतीच्या चुंबकावरणावर येऊन आदळतो. आदळण्याआधीच, अलीकडे, त्यात खळबळ उठते आणि तिच्या लहरी आवरणात शिरतात. जी बाजू सूर्यासमोर, तिथे जास्त. म्हणजे आपल्याकडे दुपारच्या सुमाराला.

पुढे काय होतं ते सरांनी मला गच्चीत दाखवलं. सोसायटीच्या गच्चीत कपडे वाळत घालायच्या सात दोऱ्या होत्या, कुठली लांब, कुठली आखूड. त्यांनी शेजारशेजारच्या दोऱ्या मधोमध सुतळीने एकमेकींना जोडल्या आणि मला म्हणाले, "ही कडेची म्हणजे सूर्याकडची. हिला झोके दे. घाई नको, एका तालात." मी झोके दिले. धक्का एका दोरीकडून दुसरीकडे, आडवा, आत आत जात राहिला. बहुतेक दोऱ्या नुसत्या हलल्या. चौथी मात्र एकदम जोरात झुलायला लागली, तिच्यावरचे कपडे सटासट खाली पडले. सर ओरडले, "बघ! तिचा ताल जुळला! चुंबकीय रेषा अशाच असतात. आडवी आलेली लहर ज्या रेषेशी जुळते ती रेष छेडली जाते, मग लहर तिच्या अंगाने धावत खाली जमिनीपर्यंत येते. आपल्या पायाखाली!" ते नाचत होते. चौथ्या दोरीवर सोसायटीच्या सेक्रेटरींचे लेंगे होते. सेक्रेटरी वर आले, त्यांनी लेंगे उचलले आणि मला, मला, म्हणाले, "शिकलेल्या मुली ना तुम्ही?"

पण एक कबूल करायला हवं. त्या दिवशी मला ते सगळं कळलं. पुस्तकात चार वेळा वाचून न कळलेलं, लेंगे पडताना कळलं. असा शिकवणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यामुळे तर माझा राग दुप्पट होतो. नुसता विक्षिप्त म्हातारा असता तर मी कधीच सोडून दिलं असतं.

माझी गरज साधी होती. कॉलेजची अट होती की तीन वर्षांत एम.फिल. झालं तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ. तिसरं वर्ष चालू होतं. घरी मी आणि आई, मिळवणारी मी एकटी. संस्थेच्या सचिवांचा पुतण्या एम.एस्सी. होऊन बसलेला होता आणि माझ्या तासांच्या वेळापत्रकाकडे बघत होता, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. त्यात मला ते काम आवडायचं. खडूचे हात घेऊन वर्गातून बाहेर पडताना मला जे वाटायचं ते पुन्हा कशात वाटलं नाही. ते टिकायचं तर प्रबंध हवा, आणि प्रबंधावर सरांची सही हवी. बस, एवढंच.

मोजमापासाठी सरांनी खाडीकाठचं कोळ्यांचं एक गाव निवडलं, रुळांपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं. रिक्षा जिथून परत फिरायची तिथून बांधावरून अर्धा तास चालायचं. त्यात माझ्या साडीला एकही पिन नाही, आणि खाडीवरचा वारा. एका हाताने पदर, एका हाताने निऱ्या, काखेत कागदाच्या गुंडाळ्या. पुढे सर हात हलवत मोकळे चाललेले.

तिथे एका कोळीणमावशींच्या घरामागे, बांधाला लागून, आम्ही खड्डा खणला आणि त्यात तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं पुरलं. ते सरांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात समोर बसून गुंडाळून घेतलं होतं, आठ दिवस, गुंडाळणाऱ्याशी रोज भांडत. चुंबकत्व हललं की त्या वेटोळ्यात बारीक वीज उठते आणि तारेवाटे मावशींच्या पडवीत ठेवलेल्या यंत्राचा काटा कागदावर रेघ काढतो. रोज दहा वाजता यंत्र सुरू करायचं आणि तीनला बंद करायचं, हे काम मावशींनी हौसेने अंगावर घेतलं. आम्ही रविवारी सकाळी जाऊन गुंडाळी आणायचो.

खड्ड्यापासून पन्नास पावलांच्या आतलं लोखंड सरांनी हुडकून काढलं. पोहऱ्याची कडी, कोयता, कुंपणाची तार, कोंबड्यांच्या खुराड्याचा खिळा. "मास्तर, माजी सून बी लांब ठेवू का? तिच्या कंबरंला चाव्या हायत," मावशी म्हणाल्या. सर गंभीरपणे म्हणाले, "चाव्या ठेवा, सून राहू दे." त्यांनी नकाशा काढला, प्रत्येक वस्तू त्यात मांडली. नकाशाचं वर्तुळ पुरं नव्हतं. बांधाशी ते सरळ कापलेलं होतं आणि पलीकडे नुसतं 'खाडी' असं लिहिलं होतं.

आणि दिवाळीनंतर लहरी आल्या. गाड्यांची किरकिर रेघेत होतीच, पण तिच्या वर सुबक, एकसारखे उंचवटे, साधारण तीस सेकंदांना एक. भर दुपारी. तीन-चार दिवस आल्या आणि थांबल्या. पंधरवड्याने पुन्हा आल्या. सर यंत्राच्या कागदावर अक्षरशः लोळले. सूर्य स्वतःभोवती फिरतो, पृथ्वीवरून बघताना त्याची फेरी सत्तावीस दिवसांची दिसते, आणि जोराचा वारा कधीकधी अर्ध्या फेरीने, म्हणजे साडेतेरा दिवसांनी पुन्हा येतो. आमच्या लहरी चौदा-पंधरा दिवसांनी येत होत्या. मी तो एक दिवसाचा फरक दाखवला. "सूर्य काय मस्टरवर सही करायला बांधलाय?" सर म्हणाले. फरक मिटला. एरवी टाचणीवरून घर डोक्यावर घेणारा माणूस, आणि एक अख्खा दिवस त्याने असा हातावेगळा केला.

मी रात्रंदिवस लिहिलं. टायपिंगवाल्याकडे पानं गेली. मार्चअखेर प्रबंध द्यायचा होता. शेवटची एक गुंडाळी आणायला मी एकटीच गेले, एरवीच्या रविवारऐवजी मधल्याच वारी, कारण सरांना परीक्षेचं काम होतं. मावशी पडवीत मासे साफ करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं आलं बाय. आज पुनव ना, आज नाचंल तुमचा काटा."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अवसेला आन पुनवेलाच नाचतं ना त्यो. दुपारचं उधानाचं पानी भरलं की. मना वाटलं तुमाला म्हाईत हाय."

मी हसले. हो म्हटलं. घरी येऊन स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढलं आणि लहरींच्या तारखा एकेक करून लावल्या. प्रत्येक वेळी अमावास्या नाहीतर पौर्णिमा, मागेपुढे दोन दिवस. एकही सुटली नाही. सूर्याचा काही संबंध नव्हता. काय हलतंय ते मला माहीत नव्हतं, पण भरतीला हलतंय एवढं माहीत झालं. आईने विचारलं, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "एकादशी कधी आहे बघत होते." कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

आणि मी गप्प बसले. गडबडून नव्हे, पुरता विचार करून. जागा सरांनी निवडलेली, वेटोळं सरांचं, सूर्याची कल्पना सरांची. मी फक्त सांगितलं तेवढं लिहिलं होतं. परीक्षकांना कोण मावशी सांगायला जाणार होती?

पंधरा दिवसांनी सरांनी घरी बोलावलं. दार उघडंच होतं. सर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, लादीवर बसलेले. काकू ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या, पण त्यांची जवळ जायची हिंमत होत नव्हती.

"होडी आहे," सर म्हणाले. "अगं, होडी आहे ती!"

ते सहज यंत्र बघायला गेले होते. मावशींनी त्यांनाही तेच सांगितलं आणि त्यांना हाताला धरून बांधावर नेलं. पलीकडे तिवरांच्या आड, खड्ड्यापासून पंधरा पावलांवर, मावशींच्या थोरल्या मुलाची होडी. दिवाळीच्या सुमाराला तिचं डिझेल इंजिन बंद पडलं होतं, सुटा भाग मिळेना, म्हणून ती ओढून तिथल्या नाळीत, खाडीच्या अरुंद फाट्यात, आणून बांधली होती. एरवी चिखलात रुतलेली. रविवारी सकाळी आम्ही तिला कितीदा पाहिलं होतं! फक्त उधाणाच्या भरतीला ती तरंगायची, आणि आपल्या उधाणाची भरती दुपारीच येते. मग ती दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी सावकाश इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलायची, पोटात शंभर-दीडशे किलोचं लोखंड घेऊन. सरांनी पाण्यात उभं राहून घड्याळ लावलं होतं. तीस सेकंद.

"मी जमिनीवरचं लोखंड मोजलं," सर कपाळावर हात मारत होते. "बांध आला की मी थांबलो. ती बाई म्हणते, मास्तर, आमचं आंगन तर तिथनंच सुरू होतं. पन्नास पावलं म्हणजे पन्नास पावलं ना! पाण्यावर पावलं पडत नाहीत म्हणून मी मूर्ख थांबलो!" त्यांनी नकाशा टराटरा फाडला.

मी विचारलं, "प्रबंधाचं काय?"

"तो जाणार नाही."

"सर, सहा दिवस राहिलेत."

"साठ असते तरी गेला नसता."

मी भांडले. आयुष्यात कुणाशी भांडले नाही इतकी. म्हटलं, शेवटी एक परिच्छेद टाकू, 'स्थानिक कारणांची शक्यता नाकारता येत नाही' असा. ते म्हणाले, "मग शीर्षकही बदल. 'बंद पडलेल्या होडीची स्पंदने' असं कर, आत्ता सही देतो." मी म्हटलं, "तुमचं काय जातंय? तुमची नोकरी पक्की आहे." त्यावर त्यांनी नकाशाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "बरोबर आहे. माझं काही जात नाही, सगळं तुझंच जातंय. पण ते खरं नाही ना गं."

ते सगळ्यांवर ओरडत होते. स्वतःवर, होडीवर, होडीच्या इंजिनावर, मध्ये बोललेल्या काकूंवर. माझ्यावर ओरडले नाहीत. काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. माझ्या हातात माझ्या पिना देत म्हणाल्या, "त्यांच्यावर चिडून काही होत नाही. मी करून बघितलंय."

जूनमध्ये सचिवांच्या पुतण्याने माझा वर्ग घेतला. सचिव मला म्हणाले, "नियम म्हणजे नियम, मॅडम," आणि वर पेढा दिला, पुतण्या लागल्याचा. तो पेढा मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून आले. माझ्या आयुष्यातली तेवढीच बाणेदार गोष्ट.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले. बॉयलरवर जी दाबाची घड्याळं लावतात, ती तपासायची. काटा बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. दिवसाला ऐंशी. तिथे शिकवायला कुणी नव्हतं आणि शिकायचीही कुणाला गरज नव्हती.

दरम्यान मी एकदा मावशींकडे गेले होते, उरलेली तार आणायला. त्यांना फार वाईट वाटत होतं. "मी मास्तरांना सगलं सांगलं बाय, तवा त्यांचा चेहरा असा झालता..." म्हणाल्या. सगळं, म्हणजे मला पुनवेला सांगितलं होतं तेही, असं मी धरलं. म्हणजे सरांना माहीत होतं. मी पंधरा दिवस लपवलं हे माहीत असून ते काही बोलले नाहीत. टाचणीसाठी बोलले, विळीसाठी बोलले, ह्यासाठी नाही. मी त्यांच्या लेखी रागावण्याच्याही लायकीची उरले नव्हते, असं माझ्या मनाने घेतलं. तळपायाची आग मस्तकात जायची.

भरीला ती पत्रं. दर जूनला सर संस्थेला पत्र लिहीत आणि त्याची कार्बन कॉपी मला पोस्टाने पाठवत. 'सदर उमेदवार पूर्णपणे निर्दोष असून झालेली चूक सर्वस्वी माझी आहे. तरी त्यांना पुन्हा सेवेत घेऊन न्याय द्यावा.' निर्दोष ह्या शब्दाखाली रेघ. मी त्या रेघेकडे बघत बसायचे. मला वाटायचं, हा माणूस मला टोचतोय. वर्षातून एकदा, न चुकता, पोस्टाने टोचतोय. चार वर्षं चार पत्रं.

मग एकदा कसला तरी बंद झाला, आमचाही कारखाना दिवसभर बंद होता, गाड्या बंद, सगळंच बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमन आत आला. "मॅडम, गेटवर एक म्हातारे बाबा आलेत. आत येत नाहीत. बोलतात, इथे लोखंड लय आहे."

सर वॉचमनच्या टेबलाशी उभे होते. निवृत्त झाले होते, बरेच वाळले होते, पण डोळे गच्चीत असायचे तसेच. त्यांनी काही विचारपूस न करता कागद टेबलावर पसरला.

"काल सकाळी दहापासून एकही गाडी नाही. एकही नाही! मी मावशींकडेच मुक्कामाला होतो, परवापासून. काल अष्टमी, उधाण नाही. होडी त्यांनी केव्हाच विकली. तरी मी दोन्ही बाजूंनी बघून घेतलं, पाण्यात उतरून. आणि हे बघ."

मी बघितलं. बारीक, ओबडधोबड, कुठे मोठे कुठे लहान असे उंचवटे. होडीच्या सुबक रेघेसमोर अगदी गरीब. पण बघताक्षणी कळत होतं की हे वेगळं आहे. सतरा मिनिटं ते चाललं होतं आणि हळूहळू विरून गेलं होतं. कोट्यवधी मैलांवरून आलेलं काहीतरी बांधाशेजारच्या एका खड्ड्यात उतरलं होतं. कागदाच्या कडेला पेन्सिलीने दोन नावं लिहिलेली होती. पहिलं माझं.

"हे घेऊन मी विद्यापीठात जातो," सर म्हणाले. "तुझं काम अर्धवट राहिलं माझ्यामुळे. आता पुरं होईल. मग बघतो तुला कसे घेत नाहीत ते. तुझा एका पैचा दोष नव्हता."

झालं. चार वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. वॉचमन बघतोय, लंच टाइमची माणसं बघताहेत, मला कशाचं भान राहिलं नाही.

"सर, पुरे करा हे नाटक! निर्दोष, निर्दोष! रेघा मारून मारून लिहिता! मावशींनी मला आधी सांगितलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. मी लपवलं हे माहीत आहे. मग एकदा सरळ शिव्या का नाही घातल्यात? अख्ख्या जगावर ओरडता, मग माझ्यावर का नाही ओरडलात?"

सरांनी मान वर केली.

"काय आधी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. मावशींनी माझ्याबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. चार वर्षं त्या माणसाने मला खरोखरच निर्दोष समजून पत्रं लिहिली होती. माझ्या तोंडून शब्द निघून गेले होते आणि आता ते परत आत घालता येणार नव्हते.

"मावशी म्हणाल्या होत्या," मी म्हटलं, "काटा अमावास्येला आणि पौर्णिमेला हलतो म्हणून. मी कॅलेंडरवर ताडून पाहिलं. जुळत होतं."

"किती दिवस आधी?"

"तुमच्या आधी पंधरा."

मला वाटलं आता ओरडतील. मी वाट बघत होते. ओरडले असते तर मीही काही बोलले असते, रडले असते, पाया पडले असते, काय वाटेल ते केलं असतं. ते ओरडले नाहीत. मग वॉचमनला म्हणाले, "रबर आहे का हो तुमच्याकडे?"

वॉचमनने ड्रॉवरमध्ये शोधून दिलं. सर टेबलावर वाकले, डाव्या हाताने कागद घट्ट धरला आणि माझं नाव पुसलं. सावकाश, कागद फाटू नये अशा बेताने, एकेक अक्षर. चुरा फुंकरीने उडवला. मला तेव्हाही कळत होतं की ते बरोबर करताहेत. आजही कळतं. त्यांच्या जागी मी असते तर मला ते जमलं नसतं. मी पत्रावर पत्रं लिहीत राहिले असते, आणि ह्याच गोष्टीसाठी मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो.

मग त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला.

"माझे डोळे आता अधू झालेत," ते म्हणाले. "लहर कुठे पुसली गेली नाही ना, तेवढं बघ."

मी वाकून पाहिलं. सतराच्या सतरा मिनिटं मी बोट ठेवून पाहिली.

"नाही सर," मी म्हटलं.

त्यांनी कागद गुंडाळला, काखेत धरला आणि ते फाटकाबाहेर गेले.